ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये टर्मिनलना जंपर कसे द्यावेत: ड्रॉइंगपासून रेलपर्यंत

काही वर्षांपूर्वी एका कन्व्हेयरच्या पॅनेलचं ड्रॉइंग माझ्याकडे होतं. बारा सेन्सरना शून्य व्होल्ट द्यायचा होता, म्हणून बारा टर्मिनलमधून (वायर जोडायच्या ठोकळ्यांमधून) मी एक सरळ रेष ओढून दिली. स्क्रीनवर ते छान दिसत होतं. वायरमनने वायरिंग लिस्ट घेतली आणि तिच्यात होतं तेच केलं. अकरा तुकडे कापले, बावीस टोकांना पिन लग दाबले, वायर नंबरचे बावीस फेरूल चढवले आणि एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर लूप मारत गेला. मधल्या प्रत्येक स्क्रूखाली दोन-दोन लग बसले. पॅनेल टेस्टिंगमध्ये पास झालं, साइटवर गेलं, मशीन चालू झालं.

तीन महिन्यांनी फोन आला की अर्धे सेन्सर मध्येच बंद पडतात आणि पुन्हा आपोआप येतात. मशीनच्या कंपनाने सातव्या टर्मिनलचा स्क्रू सैल झाला होता. लूप असल्यामुळे सातपासून पुढच्या सगळ्या सेन्सरचा शून्य व्होल्ट त्या एका स्क्रूवर अवलंबून होता. तो शोधायला पूर्ण दिवस गेला, कारण दोष सातव्यात होता आणि तक्रार अकराव्या सेन्सरची होती.

वायरमनची यात काहीच चूक नव्हती. मी रेष काढली होती, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी रेष म्हणजे वायर. मला हवा होता जंपर, म्हणजे टर्मिनलं आपसात जोडणारा तयार धातूचा जोड, पण तो मी कुठेच सांगितला नव्हता. तेव्हापासून मी एक गोष्ट कटाक्षाने पाळतो: जंपर हा सॉफ्टवेअरला जंपर म्हणूनच सांगायचा, आणि तोही रेलवर, म्हणजे टर्मिनलं बसतात त्या पट्टीवर, खरोखर बसेल असाच. हे दोन्ही कसं करायचं ते या लेखात सविस्तर सांगतो. उदाहरण ऑटोकॅड इलेक्ट्रिकल या विद्युत ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं घेतलं आहे, कारण माझं रोजचं काम त्यातच चालतं. दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही विचाराचा क्रम हाच उपयोगी पडेल.

आधी वस्तू हातात घेऊन बघा

पॅनेल शॉपमध्ये ‘लिंक’, ‘शॉर्टिंग’, ‘जंपर’, ‘कॉम्ब’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. डिझाइन करणाऱ्याला मात्र त्यांतला फरक माहीत हवा.

पहिला प्रकार वायरचा लूप. दुसरा प्रकार स्क्रूने बसणाऱ्या शॉर्टिंग लिंकचा, जो जुन्या धाटणीच्या टर्मिनलवर अजूनही दिसतो. तिसरा, आणि आज सर्वांत जास्त वापरला जाणारा, म्हणजे वरून दाबून बसणारा जंपर. तो कंगव्यासारखा असतो: वर प्लॅस्टिकचा कणा, खाली तांब्याचे दात. टर्मिनलच्या मधोमध जी खाच असते, तिच्यात हे दात जातात आणि आतल्या कंडक्टर पट्टीला घट्ट धरतात. त्यामुळे वायर बसायच्या दोन्ही बाजू मोकळ्या राहतात. एखादी वायर सुटली तरी बाकीच्या टर्मिनलचा पुरवठा तुटत नाही. माझ्या कन्व्हेयरला हेच हवं होतं.

आता मापं. टर्मिनल बनवणारी कंपनी फिनिक्स कॉन्टॅक्ट असो की वॅगो, २.५ चौरस मिमीच्या नेहमीच्या टर्मिनलची रुंदी ५.२ मिमी असते आणि ४ चौरस मिमीच्या टर्मिनलची ६.२ मिमी. जंपरच्या दातांमधलं अंतर या रुंदीवरच ठरतं. म्हणून २.५ आणि ४ चौरस मिमीची टर्मिनलं शेजारी ठेवून त्यांच्यावर एकच साधा जंपर बसवता येत नाही. तिथे दोन मापं जोडणारा वेगळा जंपर लागतो. रुंदी जुळली म्हणून एका कंपनीचा जंपर दुसऱ्या कंपनीच्या टर्मिनलमध्ये घालायचा मोहही टाळा. खाचेचा आकार वेगळा असतो, दात अर्धवट बसतो आणि गरम होतो. ज्या मालिकेचं टर्मिनल, त्याच मालिकेचा जंपर.

बहुतेक नव्या टर्मिनलना जंपरसाठी दोन समांतर खाचा असतात. ही छोटी गोष्ट पुढे फार कामाला येते, लक्षात ठेवा.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी पोटेन्शियलची यादी

माझ्या मते सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, कारण ही पायरी बहुतेक जण गाळतात.

एक कागद घ्या. त्या स्ट्रिपवर, म्हणजे टर्मिनलच्या रांगेवर, कोणकोणते पोटेन्शियल (प्लस, शून्य असे व्होल्टेज) एकापेक्षा जास्त टर्मिनलवर लागणार आहेत, ते लिहा. आपल्या उदाहरणात स्ट्रिपचं नाव एक्स२ धरू. २४ व्होल्ट डीसीवर चालणारे तीन वायरींचे बारा पीएनपी (सिग्नलवर प्लस देणारे) सेन्सर आहेत. प्रत्येकाला प्लस, शून्य आणि सिग्नल लागतो. प्लसला बारा टर्मिनल आणि पुरवठा आणायला एक, अशी तेरा. शून्य व्होल्टलाही तेरा. सिग्नलला बारा, आणि त्यांना जंपर द्यायचा नाही.

आता प्रश्न मांडणीचा. दोन पद्धती समोर येतात. एका पद्धतीत प्रत्येक सेन्सरची तीन टर्मिनलं शेजारी ठेवतात: प्लस, शून्य, सिग्नल, पुन्हा प्लस, शून्य, सिग्नल. फील्डची केबल जोडणाऱ्याला हे आवडतं, कारण एका केबलच्या तिन्ही कोर एकाच ठिकाणी येतात. पण जंपरचं काय होतं बघा. बारा सेन्सरची छत्तीस टर्मिनलं. प्लस येतो १, ४, ७ असं करत ३४ पर्यंत. म्हणजे चौतीस दातांचा लांब जंपर घ्यायचा, बारा दात ठेवायचे आणि बावीस दात मोडायचे. शून्य व्होल्टसाठी दुसऱ्या खाचेत पुन्हा तसाच. मोडलेले दात वरून दिसत नाहीत. एखादा दात मोडायचा राहिला, तर तो सरळ सिग्नलच्या टर्मिनलमध्ये जाऊन बसतो आणि तो इनपुट कायमचा चालू दिसतो. शून्य व्होल्टच्या जंपरचा एक दात प्लसच्या टर्मिनलमध्ये राहिला, तर पुरवठा चालू करताक्षणी शॉर्ट.

दुसरी पद्धत गटांची. आधी सगळे प्लस, मग सगळे शून्य, मग सगळे सिग्नल. जंपर सलग बसतात, एकही दात मोडावा लागत नाही. केबलचे कोर मात्र तीन ठिकाणी फाकवावे लागतात.

जागा कमी असेल आणि बजेट असेल, तर तीन मजली सेन्सर टर्मिनल हा दोन्हींचा चांगला मेळ आहे. प्लसचा मजला आणि शून्याचा मजला आपापल्या जंपरने लांबीभर जोडला जातो, सिग्नलचा मजला मोकळा राहतो, आणि केबलचे तिन्ही कोर एकाच जागी येतात. मी दहापेक्षा जास्त सेन्सर असले की आता हाच पर्याय निवडतो. या लेखात मात्र गटांची पद्धत घेतो, कारण शिकायला ती सोपी आहे.

प्रवाहाचा हिशोब

जंपरमधून जाणारा प्रवाह हा त्याच्यावरच्या सगळ्या लोडची बेरीज असतो. एका सेन्सरला ३० मिलिअँपिअर धरले तर बारा सेन्सरचे ३६० मिलिअँपिअर. २.५ चौरस मिमीच्या टर्मिनलचा नाममात्र प्रवाह २४ अँपिअर आहे, म्हणजे इथे काळजीच नाही. पण त्याच सवयीने लोक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, कॉन्टॅक्टरच्या कॉइल, मोठे दिवे एकाच जंपरवर टाकत जातात आणि बेरीज वीस अँपिअरच्या आसपास कधी पोचते ते कळत नाही.

अशा वेळी पुरवठा कुठे आणता याला फार महत्त्व आहे. पहिल्या टर्मिनलवर आणला, तर पहिल्या आणि दुसऱ्या दातामधून जवळजवळ सगळा प्रवाह जातो. मधल्या टर्मिनलवर आणला, तर तो दोन बाजूंना वाटला जातो आणि जंपरच्या कोणत्याही तुकड्यावरचा भार जवळपास निम्मा होतो. पुरवठ्याचं टर्मिनल आणि त्याची वायर मात्र पूर्ण प्रवाहाचीच हवी, तिथे सूट नाही. बंद पॅनेलच्या आत उन्हाळ्यात किती तापतं हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कॅटलॉगमधल्या आकड्याच्या काठावर कधीच जाऊ नका.

स्किमॅटिकवर टर्मिनल टाकताना

आता सॉफ्टवेअर. प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये प्रोजेक्ट सक्रिय करा. ड्रॉइंग नुसतंच उघडून काम सुरू केलं, आणि ते सक्रिय प्रोजेक्टचा भाग नसेल, तर पुढे टर्मिनल स्ट्रिप एडिटरमध्ये काही टर्मिनलं दिसणारच नाहीत. नव्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो.

आयकॉन मेनूमधून टर्मिनलचं चिन्ह घ्या. चौकोन, वर्तुळ, षट्कोन हा आकार तुमच्या कंपनीच्या पद्धतीने ठरेल. खरा निर्णय वेगळा आहे: टर्मिनल ओलांडल्यावर वायर नंबर बदलणारं चिन्ह घ्यायचं की न बदलणारं. सामायिक पोटेन्शियलसाठी न बदलणारं घ्या. प्लसची तेरा टर्मिनलं म्हणजे विजेच्या दृष्टीने एकच बिंदू, त्याला तेरा नंबर देण्यात अर्थ नाही.

चिन्ह टाकल्यावर जी खिडकी उघडते, तिच्यात टॅग स्ट्रिपच्या रकान्यात एक्स२ आणि नंबरच्या रकान्यात टर्मिनलचा क्रमांक भरा. इन्स्टॉलेशन आणि लोकेशन वापरत असाल तर ते सगळ्या तेरा टर्मिनलवर अक्षरशः सारखं असलं पाहिजे. एका टर्मिनलवर लोकेशन रिकामं राहिलं, तर सॉफ्टवेअर त्याला दुसऱ्याच स्ट्रिपचं समजतं. मग जंपर देताना तुम्ही विचार करत बसता की पाचवं टर्मिनल गेलं कुठे.

एकच पोटेन्शियल तीन-चार पानांवर पसरलेलं असेल, तर सोर्स आणि डेस्टिनेशनचे सिग्नल बाण वापरून वायर नंबर एका पानावरून दुसऱ्या पानावर न्या. हाताने नंबर टंकू नका. हाताने टंकलेला नंबर सुधारणेच्या दुसऱ्या फेरीत चुकतोच.

सेन्सरकडे जाणारी वायर काढा, पुरवठ्याची वायर काढा, पण टर्मिनल ते टर्मिनल अशी वायर काढू नका. तुम्ही ती काढलीत की फ्रॉम-टू रिपोर्टमध्ये (कोणती वायर कुठून कुठे जाते त्या यादीत) तिची एक ओळ तयार होते. त्या ओळीवरून शॉपमध्ये वायर कापली जाते. म्हणजे माझ्या कन्व्हेयरची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

जंपर देणं: ड्रॉइंगवरून

लहान कामासाठी हा मार्ग चांगला. स्किमॅटिक टॅबवर घटक बदलण्याच्या आज्ञांमध्ये ‘एडिट जंपर’ आहे. ती घ्या, पहिलं टर्मिनल निवडा, मग त्याला जोडायची बाकीची टर्मिनलं एकेक करून निवडत जा. काही टर्मिनलं दुसऱ्या पानावर असतील, तर निवडीच्या वेळी ‘ब्राउझ’चा पर्याय घ्या. प्रोजेक्टमधल्या टर्मिनलची यादी समोर येते आणि पान न बदलता ती जोडता येतात.

यानंतर जंपरची खिडकी उघडते. तिच्यात जोडलेली टर्मिनलं दिसतात आणि जंपरला उत्पादक व कॅटलॉग नंबर देता येतो. हा रकाना रिकामा सोडून पुढे जाऊ नका. कॅटलॉग नंबर नाही म्हणजे जंपर बीओएममध्ये, म्हणजे सामानाच्या यादीत, नाही. बीओएममध्ये नाही म्हणजे खरेदी नाही. आणि पॅनेल पाठवायच्या आदल्या रात्री जंपर मिळाला नाही, तर वायरमन काय करतो? लूप मारतो. त्याच्यापुढे दुसरा मार्ग तुम्ही ठेवलेलाच नसतो.

जंपर देणं: टर्मिनल स्ट्रिप एडिटरमधून

मोठ्या स्ट्रिपसाठी मी हाच मार्ग वापरतो, कारण इथे टर्मिनल ज्या क्रमाने रेलवर बसणार, त्याच क्रमाने दिसतात. पॅनेल टॅबवर टर्मिनल फूटप्रिंटच्या गटात ‘एडिटर’ आहे. तो उघडला की प्रोजेक्टमधल्या सगळ्या स्ट्रिपची यादी येते. एक्स२ निवडून ‘एडिट’ दाबा.

समोर लांबलचक तक्ता येईल. मधल्या पट्ट्यात टर्मिनलचे नंबर, दोन्ही बाजूंना ते कोणत्या उपकरणाला जातात त्याची माहिती. लगेच जंपरकडे धावू नका. आधी क्रम बघा. सॉफ्टवेअर टर्मिनल एका ठरावीक क्रमाने लावतं, आणि तो तुमच्या कागदावरच्या गटांशी जुळेलच असं नाही. ‘मूव्ह टर्मिनल’ने टर्मिनल हलवून प्लसचा गट सलग करा, मग शून्याचा. गरज असेल तर नंतर ‘रिनंबर’ करा.

का, तर हे सॉफ्टवेअर एकमेकांपासून दूर असलेल्या टर्मिनलनाही बिनतक्रार जंपर देऊ देतं. दुसरं आणि एकोणतिसावं टर्मिनल निवडून जंपर दिलात तरी ते अडवणार नाही. रेलवर मात्र त्या दोघांच्या मध्ये सव्वीस टर्मिनलं उभी असतात. हा फरक ओळखणं माणसाचं काम आहे, आणि ते इथे, या तक्त्यासमोर बसूनच करायचं असतं.

क्रम बरोबर झाला की प्लसची तेरा टर्मिनलं निवडा आणि जंपरच्या भागातलं ‘असाइन जंपर’ वापरा. शून्याच्या तेरा टर्मिनलसाठी तेच पुन्हा. जंपर बदलायचा किंवा काढायचा असेल तर त्याची आज्ञा तिथेच शेजारी आहे. दुमजली किंवा तीन मजली टर्मिनल असेल, तर एकाच मजल्याच्या ओळी निवडल्या जात आहेत ना, हे दोनदा तपासा. मजल्यांची ओळ चुकली की प्लस आणि शून्य एकत्र यायला एक क्लिक पुरते.

मजल्यांना आतून जोडणारा जंपर ही निराळी गोष्ट आहे. तो एकाच टर्मिनलच्या दोन मजल्यांमध्ये असतो आणि टर्मिनलच्या ब्लॉक प्रॉपर्टीजमध्ये सांगावा लागतो. बाहेरच्या जंपरशी त्याची गल्लत करू नका.

तेरा टर्मिनल, पण जंपर दहाचा

कॅटलॉगमध्ये तेरा दातांचा जंपर तुम्हाला सहसा मिळणार नाही. मग दोन मार्ग. वीस दातांचा घेऊन तेरावर कापायचा, किंवा दहाचा आणि चारचा जोडून वापरायचे.

कापण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण कापलेल्या कडेला उघडी धातू राहते. पुढचं टर्मिनल दुसऱ्या पोटेन्शियलचं असेल, तर ती उघडी कड आणि शेजारचा जंपर यांच्यामध्ये विभाजक प्लेट हवीच हवी.

म्हणून जमेल तिथे मी न कापता जोडतो. इथे त्या दोन समांतर खाचा कामाला येतात. दहा दातांचा जंपर पुढच्या खाचेत १ ते १० वर बसवायचा. चार दातांचा मागच्या खाचेत १० ते १३ वर. दहाव्या टर्मिनलमध्ये दोन्ही जंपर येतात आणि तेरा टर्मिनलं एक होतात. कुठे कात्री नाही, कुठे उघडी कड नाही. पुरवठ्याचं टर्मिनल मी अशा वेळी मध्यावर, सातव्याला ठेवतो.

सॉफ्टवेअरमध्ये मी एका पोटेन्शियलचा एकच जंपर गट ठेवतो, आणि दुसरा नग बीओएममध्ये वेगळ्या ओळीने टाकतो. मग ड्रॉइंगवर छोटी टीप लिहितो: ‘१ ते १० पुढची खाच, १० ते १३ मागची खाच’. ही एक ओळ शॉपमधले चार फोन वाचवते.

प्लसचा गट संपून शून्याचा गट सुरू होतो त्या सीमेवर, म्हणजे १३ आणि १४ च्या मध्ये, एडिटरमधूनच ॲक्सेसरी म्हणून विभाजक प्लेट घाला. ड्रॉइंगवर प्लेट नसेल तर रेलवरही नसेल. त्या प्लेटची जाडी रेलच्या लांबीत धरली जाते हा आणखी एक फायदा. प्लससाठी लाल जंपर आणि शून्यासाठी निळा, हा रंगांचा नेम ठेवा. उघड्या पॅनेलसमोर टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या देखभाल करणाऱ्या माणसाला त्याचा किती आधार वाटतो, ते मी स्वतः पाहिलं आहे.

स्पेअर टर्मिनलचं काय? गटाच्या शेवटी एक स्पेअर ठेवून त्याला त्याच जंपरमध्ये घ्या. चारच्या जागी पाच दातांचा जंपर घेतला की काम झालं. उद्या तेरावा सेन्सर आला तर पॅनेल बंद करून जंपर उपटावा लागत नाही.

जिथे जंपर द्यायचा नाही, किंवा बाजू पाहून द्यायचा

फ्यूज टर्मिनलवर थांबून विचार करा. आठ सर्किटना आठ फ्यूज टर्मिनल आहेत. जंपर पुरवठ्याच्या बाजूला हवा, म्हणजे एक पुरवठा आठ फ्यूजना वाटला जातो आणि प्रत्येकाचा निकास स्वतंत्र राहतो. तोच जंपर लोडच्या बाजूला बसला आणि पुरवठा प्रत्येक फ्यूजला वायरने दिलेला असला, तर आठही फ्यूज समांतर होतात. मग एका सर्किटमध्ये शॉर्ट झाला तर त्याच्या दोन अँपिअरच्या फ्यूजचा उपयोग शून्य, कारण प्रवाह आठही फ्यूजमधून वाटून येतो आणि वायर तापत राहते. जंपरच्या यादीत दोन्ही परिस्थिती जवळपास सारख्याच दिसू शकतात, कारण यादी टर्मिनलचे नंबर सांगते, बाजू सांगत नाही. म्हणून फ्यूज आणि नाइफ टर्मिनलसाठी (पातं उघडून सर्किट तोडता येणाऱ्या टर्मिनलसाठी) मी बाजू नेहमी शब्दांत लिहितो: ‘जंपर पुरवठ्याच्या बाजूला’.

अर्थिंगच्या हिरव्या-पिवळ्या टर्मिनलना वेगळा जंपर सहसा लागत नाही. त्यांचा पाय रेललाच धरतो आणि रेल त्यांना जोडते. मात्र एका अर्थ क्लॅम्पखाली दोन संरक्षक वायर घालू नका. आयईसी ६०२०४-१ हे मशीनच्या विद्युत उपकरणांचं मानक आहे आणि ते तसं करू देत नाही. साध्या टर्मिनलमध्येही दोन वायर फक्त तेव्हाच, जेव्हा ते टर्मिनल त्यासाठीच बनवलेलं असेल. माझ्या पहिल्या लूपमध्ये नेमकं हेच चुकलं होतं.

इमर्जन्सी स्टॉपच्या दोन चॅनेलची टर्मिनलं शेजारी ठेवली असतील, तर तिथे जंपरची खाच मोकळी दिसते म्हणून कुणीतरी चाचणीच्या वेळी तात्पुरता जंपर घालतो आणि तो तसाच राहतो. हे मी साइटवर पाहिलं आहे, आणि त्या दिवशी मशीनमध्ये कुणाचा हात नव्हता हे केवळ नशीब. सेफ्टीची टर्मिनलं वेगळ्या स्ट्रिपवर ठेवा, त्यांच्यावर झाकण द्या, आणि चाचणीसाठी जंपर लागलाच तर त्याला लांब टॅग बांधून नोंदवहीत लिहा.

रिपोर्ट काढून पडताळा

एडिटरमध्ये लेआउट प्रिव्ह्यूचा टॅब आहे. तिथे स्ट्रिप चित्ररूपात, तक्त्याच्या रूपात किंवा जंपर चार्टच्या रूपात ड्रॉइंगवर टाकता येते. मी तक्ता आणि जंपर चार्ट दोन्ही टाकतो. फील्डच्या माणसाला तक्ता लागतो, जोडणी करणाऱ्याला जंपर चार्ट. नंतर स्किमॅटिक बदललं तर आधी टाकलेली स्ट्रिप ताजी करून घ्यायला विसरू नका. ड्रॉइंगवरचा जुना जंपर चार्ट नव्या स्किमॅटिकपेक्षा जास्त घातक, कारण लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात.

मग तीन कागद शेजारी ठेवा. फ्रॉम-टू रिपोर्टमध्ये एक्स२ ते एक्स२ अशी एकही ओळ असता कामा नये. असेल तर कुठेतरी रेष राहून गेली आहे. बीओएममध्ये जंपरचे नग आणि विभाजक प्लेट आहेत का, ते मोजा. आपल्या उदाहरणात दहाचे दोन आणि चारचे दोन, म्हणजे चार जंपर, स्पेअर धरले तर चारच्या जागी पाचचे. शेवटी एका जंपरखालच्या सगळ्या टर्मिनलवर एकच वायर नंबर आहे ना, हे डोळ्यांनी वाचा. वेगळा नंबर दिसला, तर नंबर चुकला आहे किंवा जंपर चुकला आहे. तिसरं कारण नसतं.

ईप्लॅन हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथला विचार थोडा वेगळा आहे. एकाच स्ट्रिपमधली दोन टर्मिनलं ड्रॉइंगवर थेट जोडली, तर ईप्लॅन त्या जोडणीला जंपर म्हणून ओळखतो, आणि वायर जंपर व सॅडल जंपर असे दोन प्रकार वेगळे ठेवतो. दाबून बसणारा जंपर हवा असेल, तर सॅडल जोडबिंदू असलेलं टर्मिनलचं चिन्ह निवडावं लागतं. साधं चिन्ह घेऊन रेष ओढलीत तर तिथेही वायरच मिळते.

पॅनेल तयार झाल्यावर

जंपर बसवताना पेचकसाच्या मुठीने हलकेच दाबायचा, ‘टक’ असा आवाज येईपर्यंत, आणि कणा टर्मिनलच्या वरच्या पातळीत आला का ते बाजूने वाकून बघायचं. एक टोक किंचित वर राहिलं असेल तर तो दात पूर्ण बसलेला नाही.

मग पुरवठा न जोडता मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. एक तार प्लसच्या पहिल्या टर्मिनलवर, दुसरी तेराव्यावर: आवाज यायला हवा. मग मधल्या प्रत्येकावर, एकही न सोडता. शून्याच्या गटात पुन्हा तेच. नंतर एक तार प्लसवर, दुसरी शून्यावर: सलग आवाज येता कामा नये. मग दोन्हींपासून प्रत्येक सिग्नल टर्मिनलवर, तिथेही शांतता हवी. जो गट तपासून झाला, त्याच्यावर मी जंपर चार्टच्या छापील प्रतीत पेनाने बरोबरची खूण करतो, खाली तारीख आणि सही, आणि ती प्रत पॅनेलच्या दाराच्या आतल्या खिशात ठेवून देतो.